रघुनाथराव कर्वे : व्यक्तीच्या निर्णयाचा हक्क

समाज व्यक्तीला आपल्या धाकात ठेवतो तो मुख्यतः कायद्याच्या बळावर, असा एक समज आहे. वास्तविक कायद्याची पाळी बरीच उशिरा येते. त्याआधी पंगतीतले पान उचलले जाते, उंबऱ्याशी अडवले जाते, नोकरी काढून घेतली जाते. एवढ्याने भागले नाही म्हणजे मग न्यायालयाची पायरी येते. ही सारी साधने एकाच कोकणी कुटुंबाच्या दोन पिढ्यांवर चालवली गेली. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूडचे कर्वे हे ते कुटुंब. त्यातील वडील धोंडो केशव यांचा गौरव पुढे साऱ्या देशाने केला. थोरले चिरंजीव रघुनाथ यांच्या वाट्याला मात्र हयातीत उपेक्षा आणि दंड याखेरीज फारसे काही आले नाही.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरूड येथे झाला. १८९१ मध्ये त्यांच्या आई राधाबाई निवर्तल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. १८९३ मध्ये अण्णासाहेबांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत असलेल्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्या माणसांनाही पोचली. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. माणसाने आपल्या आयुष्याविषयी घेतलेला निर्णय गावाला मान्य नसेल, तर त्याची किंमत साऱ्या घराला मोजावी लागते, हे त्याने जाणत्या वयाच्या उंबरठ्यावरच पाहिले.

बुद्धीने रघुनाथ तल्लख होते. १८९९ मध्ये ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले, फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये पदवीधर झाले आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांनी व्यवसाय पत्करला. गणिताच्या पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले. ठरावीक वाटेने चालले असते, तर प्रतिष्ठित प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रिया, गुप्तरोगांविषयीचे अज्ञान आणि या दोहोंवर पांघरूण घालणारे सभ्य मौन त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातील असे हे पहिलेच केंद्र होय. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते, तर त्याच्या पाच वर्षे आधी न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगर यांचे केंद्र पोलिसांनी बंद पाडले होते. मुंबईतला एक गणिताचा प्राध्यापक त्या वेळी जगाच्या बरोबरीने चालला होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या फारशी ध्यानात राहिलेली नाही.

या कार्याची पहिली किंमत उपजीविकेच्या रूपाने द्यावी लागली. ते तेव्हा मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत असत. मिशनऱ्यांच्या त्या संस्थेला आपल्या प्राध्यापकाने संततिनियमनाचा जाहीर प्रचार करणे मानवले नाही आणि १९२५ मध्ये रघुनाथरावांना राजीनामा द्यावा लागला. मुरूडच्या सनातनी ब्राह्मणांना जे रुचले नसते, ते मुंबईच्या ख्रिस्ती संस्थेलाही रुचले नाही. नीतीची व्याख्या धर्माधर्मांत वेगळी असेल, पण व्यक्तीच्या शरीरावर हक्क कोणाचा, या प्रश्नावर परस्परांचे विरोधकही चटकन एक होतात.

नोकरी गेल्यावर दुसरा एखादा माणूस नमला असता. रघुनाथरावांनी १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत, सव्वीस वर्षे, ते चालविले. लेखनाचा व संपादनाचा मुख्य भार त्यांच्या एकट्यावरच असे. पत्नी मालतीबाईंची त्यांना अखंड साथ होती. दोघांनी विचारपूर्वक अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. लोकांना जे सांगायचे, त्याचा प्रारंभ स्वतःपासून करण्याची ही वडिलांचीच रीत होती. मासिकातून ते वाचकांच्या लैंगिक अडचणींना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. सुख, संमती आणि मातृत्व यांविषयी निर्णय करण्याचा स्त्रीला पुरुषाइतकाच अधिकार आहे, हा त्या लेखनाचा गाभा होता. त्यांची सर्वच मते पटण्याजोगी होती असे नाही. त्यांची भाषा बोचरी होती आणि मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न चित्रांनी हितचिंतकही संकोचत. परंतु प्रश्न मते पटण्याचा नव्हता. ती मांडता येतील की नाही, हा प्रश्न होता.

सनातन्यांनी तो न्यायालयात नेला. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये रघुनाथरावांवर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल दुसरा खटला उभा राहिला. या वेळी त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. पण तो काळ पाहता, अशा बदनाम विषयासाठी बाबासाहेबांनी उभे राहणे हीच मोठी घटना होती. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, त्यामुळे राष्ट्रीय चळवळीचा आधारही रघुनाथरावांना लाभणार नव्हता.

साहित्याच्या प्रांतात तेव्हा याहून वेगळे वातावरण नव्हते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. सुशिक्षित, प्रौढ, अविवाहित स्त्रियांचे मन त्यात प्रकट झाल्यामुळे मोठे वादळ उठले. लेखिका मालतीबाई बेडेकर यांना ‘विभावरी शिरूरकर’ या नावामागे राहावे लागले. पुढे चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरील अश्लीलतेचा आरोप सर्वोच्च न्यायालयात १९६९ मध्ये रद्द ठरला. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’ला प्रयोगासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. रघुनाथरावांनी एकट्याने भरलेल्या दंडाची वाट अशी पुढच्या लेखकांपर्यंत येऊन पोचते.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले आणि त्यांच्यामागोमाग ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. त्याच सुमारास केंद्र सरकारने कुटुंबनियोजन हे आपले अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले होते. १९५८ मध्ये अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. ज्यांच्यावर गावाने बहिष्कार घातला होता, त्यांचा शंभरावे वर्ष गाठल्यावर सन्मान झाला. मुलाच्या पदरात ते दीर्घायुष्य नव्हते.

मुलाचा विचार अखेर जिंकला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण तसे म्हणणे अर्धसत्य ठरेल. सरकारने साधने स्वीकारली. त्यांमागचे तत्त्व स्वीकारलेच असे नाही. रघुनाथरावांना संततिनियमन हवे होते ते व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, स्वातंत्र्यासाठी. शासनाला ते हवे होते लोकसंख्येच्या आकड्यांसाठी. या दोहोंतले अंतर आणीबाणीत उघडे पडले. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील अनेकांमागे सक्ती होती. खुद्द महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. ज्या प्रांतात पंचेचाळीस वर्षांपूर्वी या विषयावर लिहिणे गुन्हा ठरला होता, तेथेच आता शस्त्रक्रिया नाकारणे गुन्हा ठरू पाहत होते. मनाई करणारा समाज आणि सक्ती करणारे शासन या दोघांचे म्हणणे मुळात एकच होते : हा निर्णय तुझा नव्हे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. स्वतःच्या शरीराविषयीचे निर्णय त्या हक्कात येतात, ही गोष्ट कायद्याने स्वीकारली ती मुंबईतल्या पहिल्या केंद्रानंतर शहाण्णव वर्षांनी. तरीही पाठ्यपुस्तकातील प्रजननाचा धडा घाईघाईने उरकणारे वर्ग आणि जोडीदार निवडला म्हणून मुलीला तोडणारी घरे आजही आहेत. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हे पाहिले म्हणजे १८९३ चे मुरूड फार दूर राहिलेले नाही असे वाटू लागते. कायदा व्यक्तीला न्यायालयात संरक्षण देऊ शकतो. पंगतीत, वर्गात आणि घरात ते संरक्षण शेजाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि आईबापांनीच द्यावयाचे असते. रघुनाथरावांना ते मिळाले नाही. ज्यांच्याशी आपले मत जुळत नाही अशा माणसाला ते देण्याची तयारी समाजाने दाखविली, तरच त्यांचे ऋण काही अंशी फिटेल.