बहिऱ्या बापाचा मुलगा

चंद्रपूर-गडचिरोलीत गोळीबाराचा सराव करणाऱ्या जवानाच्या कानांना जो धोका असतो, त्यानेच मशीनगनचे जनक हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम यांना बहिरे केले. रायफलीचा धडाका १४० डेसिबलच्या वर जातो. अंतर्कर्णातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांचे पुत्र हिराम पर्सी (१८६९-१९३६) यांनी १९०९ मध्ये सायलेन्सरचे पेटंट घेतले. गोळीमागचा तप्त वायू त्यात गिरक्या घेत थंडावतो. नाव मात्र फसवे, कारण ध्वनीहून वेगवान गोळीचा कडाका उरतोच. शिवाय नळीच्या आट्यांशी नीट जुळला नाही, तर गोळी त्यालाच धडकते. भारतात तो निषिद्ध गटात मोडतो. त्यामुळे सरावात भिस्त इअरमफवरच. पुढे पर्सींच्या कंपनीने इंजिनांचाही गोंगाट कमी केला.