धरणगावचे बालकवी आणि पदार्थाच्या तीन अवस्था



आठवीच्या विज्ञानात 'द्रव्याचे संघटन' हा पाठ आला की मुलं व्याख्या पटापट पाठ करतात. स्थायूला ठरावीक आकार असतो, द्रवाला आकार नसतो पण ठरावीक आकारमान असतं, वायूला दोन्ही नसतं. परीक्षेत गुणही मिळतात. पण त्याच मुलांना विचारून बघा, की सकाळी गवतावर असलेलं दव नऊ वाजता कुठे गेलं? बरीच मुलं म्हणतात, "संपलं" किंवा "जिरलं". म्हणजे व्याख्या आली, पण पदार्थ डोळ्यांसमोरून नाहीसा झाला तरी त्याचे कण कुठेतरी असतातच, हे मनात उतरलेलं नाही.

ते उतरवायला आपल्या खानदेशात एक माणूस मदतीला येतो. तो शास्त्रज्ञ नव्हता, कवी होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. मराठीच्या तासाला आपण त्यांची ओळख करून देतो. आज विज्ञानाच्या तासाला करून देऊ.

जन्म आणि बालपण

त्र्यंबकचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावला झाला. वडील पोलीस खात्यात. त्यामुळे बदल्या ठरलेल्या. एका गावात शाळा सुरू झाली की थोड्या दिवसांत दुसरं गाव, दुसरे मास्तर, दुसरे सवंगडी. शालेय शिक्षणाची घडी काही नीट बसली नाही. पण घरात थोरली बहीण होती, जिजी. तिच्यामुळे जुन्या मराठी कवितेची गोडी लहानपणीच लागली. आणि शाळेबाहेर होतं खानदेशचं रान : काळी जमीन, उन्हाळ्यात आटणारे आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे नाले, हिवाळ्यातली दवात भिजलेली शेतं.

आपल्याकडच्या हवेची गंमत अशी, की पाण्याच्या अवस्था शिकायला प्रयोगशाळा लागत नाही. वैशाखात अंगणात सांडलेलं तांब्याभर पाणी बघता बघता उडून जातं. माठातलं पाणी मात्र गार राहतं. चैत्रात कधी गारा पडतात आणि केळीची पानं फाटून चिंध्या होतात. पौषात हरभऱ्याच्या शेतात रात्री पांढरं फडकं पसरून ठेवलं तर सकाळी ते आंबट दवानं ओलंचिंब झालेलं असतं. त्याला आपण आंब म्हणतो. बाष्प, पाणी, गारा ही पाण्याची तिन्ही रूपं शेतकऱ्याच्या पोराला शाळेआधी भेटलेली असतात. त्र्यंबकलाही भेटली, आणि त्यानं ती नीट पाहिली. त्याचं पुढचं सगळं काव्य या पाहण्यातून आलं.

जळगाव, १९०७

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सोळा-सतरा वर्षांच्या या पोरानं तिथे कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ती नावाला कायमची चिकटली.

इथे मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. कीर्तिकर हे नुसते साहित्यप्रेमी नव्हते. ते सैन्यातले डॉक्टर आणि नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. म्हणजे आपल्या निसर्गकवीला नाव दिलं ते झाडापानांचं शास्त्र जाणणाऱ्या माणसानं!

आणखी एक योगायोग. पदार्थ कणांचा बनलेला आहे आणि ते कण सतत हलत असतात, याचा पहिला दिसणारा पुरावाही एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्याच हाती लागला होता. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन पाण्यातले परागातले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. ते कण थांबेनात, वेडेवाकडे थरथरत राहिले. का, ते कळायला पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. १९०५ मध्ये आईन्स्टाईननं गणितानं दाखवलं, की पाण्याचे न दिसणारे रेणू त्या कणांना चहूबाजूंनी धडका देतात. १९०८ पासून फ्रान्समध्ये जाँ पेरँनं प्रयोग करून ते पक्कं केलं. तोवर अणू-रेणू खरोखर असतात का, यावर मोठमोठे शास्त्रज्ञही भांडत होते.

तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा : १९०५, १९०७, १९०८. जगात रेणू सिद्ध होत होते, त्याच वर्षांत खानदेशातला एक मुलगा दव, झरा आणि ढग यांच्याकडे डोळे लावून बसला होता.

नगरचे दिवस आणि कविता

संमेलनानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला जवळ केलं. अहमदनगरला टिळकांच्या घरी तो राहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला घरच्या मुलासारखं वागवलं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा ठोंबरे भेटतो. हळवा, लहरी, लवकर रुसणारा. पुढे लग्न झालं, संसार आला, पण पैशाची ओढाताण काही संपली नाही. मन कधी आनंदानं भरून वाहायचं, तर कधी खोल उदासीत बुडायचं. दोन्ही कवितेत उतरलं.

आता त्यातल्या चार कविता विज्ञानाच्या नजरेनं पाहू. पुस्तक मुलांच्या हातात असू द्या, ओळी त्यांनाच शोधू द्या.

१. 'निर्झरास' आणि 'औदुंबर' : द्रव

'निर्झरास'मधला झरा डोंगरावरून उड्या मारत, वळणं घेत खाली येतो. 'औदुंबर' फक्त आठ ओळींची. तिच्यात तोच झरा शांतपणे वाहतो आणि शेवटी काळा डोह दिसतो. मुलांना विचारा : पाणी एकच, मग झऱ्यात आणि डोहात आकार वेगळा का?

उत्तर कणांत आहे. द्रवाचे रेणू एकमेकांच्या अगदी जवळ असतात, म्हणून आकारमान बदलत नाही. पण ते जागेला खिळलेले नसतात, एकमेकांवरून घसरू शकतात. म्हणून पाणी दगडाला वळसा घालतं आणि खड्ड्याचा आकार घेतं. बाजारातल्या गर्दीत माणसं खांद्याला खांदा लावून पुढे सरकतात ना, तसं.

२. 'फुलराणी' : बाष्पीभवन

ही कविता म्हणजे फुलाच्या कळीचं आणि सूर्यकिरणाचं लग्न. लग्नात नवरा-नवरीच्या मधे अंतरपाट धरतात. इथे तो अंतरपाट दवाचा आहे! सूर्य वर आला, दवाचा पडदा दूर झाला आणि दोघांची भेट झाली. विज्ञानाच्या भाषेत हेच बाष्पीभवन. ऊन्हाची उष्णता मिळाल्यानं दवाच्या पृष्ठभागावरचे वेगवान रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निघून जातात. ही ओढ म्हणजेच आंतररेण्वीय बल.

दवाचा एक लहान थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरा. त्यात पाण्याचे रेणू किती? १ वर २१ शून्यं लिहा, त्याच्या दीडपटीहूनही जास्त. यातला एकही रेणू नष्ट होत नाही. रेणू वितळत नाही, फुगत नाही, तापून मोठाही होत नाही. बदलतं ते दोन रेणूंमधलं अंतर आणि त्यांची धावपळ. पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ झाली तर तिचं आकारमान सुमारे सतराशे पट होतं. म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर साधारण बारा पट वाढतं. मुलांच्या "संपलं" या उत्तराला हेच खरं उत्तर आहे.

इथे आपल्या भाषेचा एक चकवाही सांगावा. आपण "दव पडलं" म्हणतो, म्हणून मुलांना वाटतं, की ते पावसासारखं वरून पडतं. तसं नाही. रात्री गवताचं पातं गार होतं, त्याला लागून असलेल्या हवेतल्या बाष्पाचे रेणू मंदावतात, जवळ येतात आणि तिथेच थेंब तयार होतो. हे संघनन. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की दव जास्त, कारण जमीन जास्त गार होते.

३. 'श्रावणमास' : ढग आणि पाऊस

एका क्षणी सर, दुसऱ्या क्षणी ऊन. या कवितेतल्या ढगांवर एक प्रश्न हमखास विचारा : ढग म्हणजे वाफ का? बहुतेक हात वर होतात. पण पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग दिसतो, कारण तो बारीक थेंबांचा किंवा बर्फाच्या कणांचा असतो. चहाच्या पातेल्यावर दिसणारा पांढरा धूरही थेंबांचाच असतो. त्याच्या खाली, अगदी पृष्ठभागालगत, जिथे काही दिसत नाही तिथे खरी वाफ असते.

भादली, १९१८

५ मे १९१८. जळगाव आणि भुसावळच्या मधे भादली हे छोटं स्टेशन आहे. तिथे रेल्वेच्या अपघातात बालकवींचा अंत झाला. वयाची अठ्ठावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. सगळी कविता मिळून एका पुस्तकात मावते, इतकंच आयुष्य.

हा भाग वर्गात सांगताना आवाज आपोआप खाली येतो. येऊ द्यावा. आपली पुष्कळ मुलं रुळांच्या जवळ राहतात, रूळ ओलांडून शाळेत येतात. म्हणून तिसरी अवस्था, स्थायू, मी इथेच शिकवावी असं म्हणतो.

लोखंडाचे कण दाटीवाटीनं, आपापल्या जागी घट्ट बसलेले असतात. ते जागा सोडत नाहीत, जागच्या जागी थरथरतात. तापलं की थरथर वाढते आणि कण किंचित दूर सरकतात. १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ ३० अंशांनी तापला तर सुमारे ४ ते ५ मिलिमीटर वाढतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या रुळांत सांध्याला फट ठेवत, आणि गाडीचा तो खडाड्-खट आवाज त्या फटींचाच. कण जवळ आणि घट्ट बांधलेले, म्हणून पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर जातो, हवेतून जेमतेम ३४० मीटर. हे अनुभवायला रुळाला कान कधीही लावू नये, मुलांना हे बजावून सांगा. लांब बाकाच्या एका टोकाला कान लावा आणि दुसऱ्या टोकाला टाचणीनं खरवडा. तेच समजतं, आणि पोरं सुखरूप घरी जातात.

वर्गात आणि घरी करून बघा

* थंडीत संध्याकाळी अंगणात एक स्टीलची ताटली उघड्यावर आणि एक झाडाखाली ठेवा. सकाळी कोणत्या ताटलीवर दव जास्त, आणि का?
* दोन सारख्या वाट्यांत दोन-दोन चमचे पाणी घ्या. एक उन्हात, एक सावलीत. किती वेळात आटतं ते लिहा.
* सुई नसलेली सिरिंज घ्या. टोकाला बोट दाबून आधी हवा आणि मग पाणी दाबून बघा. हवा दबते, पाणी दबत नाही. कणांमधली मोकळी जागा बोटाला कळते.
* 'फुलराणी' मोठ्यानं वाचा. पाण्याची अवस्था बदलते तिथे मुलांनी टाळी वाजवायची.

पालकांना एवढंच सांगणं आहे, की हे घरी करताना व्याख्या विचारू नका. "आता ते पाणी कुठे असेल?" एवढाच प्रश्न विचारा आणि मुलाला बोलू द्या. "हवेत आहे, पण दिसत नाही," असं त्यानं स्वतःहून म्हटलं, की पाठ समजला. मग ज्या धरणगावात तो दव पाहतो, तिथेच जन्मलेल्या त्र्यंबकनं ते कसं पाहिलं होतं, हेही त्याला सांगा.