बीरबल साहनी : एका अध्यापकाचे चरित्र

विद्यापीठीय प्राध्यापकाकडून अध्यापन आणि संशोधन या दोन्ही कार्यांची अपेक्षा केली जाते; त्यांसाठी लागणारा वेळ, साधने आणि स्वास्थ्य ही मात्र क्वचितच एकत्र लाभतात. या दृष्टीने पुरावनस्पतिवैज्ञानिक बीरबल साहनी यांचे चरित्र अभ्यसनीय आहे.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पश्चिम पंजाबातील भेरा येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. सामान्य जनांसाठी पंजाबीतून विज्ञानविषयक व्याख्याने देण्याचे कार्यही त्यांनी दीर्घकाळ केले. विज्ञान केवळ परीक्षेपुरते नसते, हा संस्कार बीरबल यांना घरातच लाभला.

१९११ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि तेथे ए. सी. स्यूअर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. गिंको वृक्षाच्या बीजांडांत परक्या वनस्पतींचे परागकण आढळतात, हे दाखविणारा त्यांचा निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जीवाश्म बीजांडातील परागकण त्याच वनस्पतीचे असतीलच असे नाही, हा इशारा त्यातून मिळाला. लोसन यांच्या वनस्पतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाची भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुधारित आवृत्ती त्यांनी विलिस यांच्यासह सिद्ध केली. संशोधक आणि अध्यापक या दोन्ही भूमिकांचा आरंभ असा जवळजवळ बरोबरच झाला.

१९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. मिळवून ते स्वदेशी परतले. बनारस आणि लाहोर येथे अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९२१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. विभागाची उभारणी, अध्यापन आणि १९३३ पासून विज्ञानशाखेच्या अधिष्ठात्याचे काम सांभाळूनच त्यांनी आपले संशोधन केले. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

त्यांच्या संशोधनाची पद्धत साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित वाटणार नाही. राजमहाल टेकड्यांतील खडकांत एकाच वनस्पतीची खोडे, पाने आणि फळे विखुरलेली सापडत आणि प्रत्येक अवयवाला वेगळे नाव दिले जाई. जीर्ण हस्तलिखिताची सुटी पाने जुळवून संहिता सिद्ध करावी, त्याप्रमाणे साहनींनी अशा अवयवांचे परस्परसंबंध सिद्ध केले. १९३२ मध्ये विल्यमसोनिया सेवार्डियाना या वनस्पतीचे समग्र रूप त्यांनी मांडले. १९४८ मध्ये पेंटॉक्सिली हा अगदी स्वतंत्र वनस्पतिगट प्रस्थापित केला. रोहतकजवळील खोकराकोट येथे मिळालेल्या मातीच्या साच्यांवरून प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावर त्यांनी १९४५ मध्ये लिहिलेला प्रबंध हा याच दृष्टीचा आविष्कार होय.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. पंजाबातील मिठाच्या डोंगररांगांचे थर इओसीन काळातील असावेत, हे त्यांचे मत पुढे मागे पडले. ते थर त्याहून कितीतरी प्राचीन ठरले. दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांमधील वनस्पतींवरून त्यांनी त्या खडकांचा काळ तृतीयक युगाच्या आरंभाकडे नेला होता; आजच्या कालमापनानुसार त्या उद्रेकांचा मुख्य भाग क्रिटेशस आणि तृतीयक यांच्या सीमेवर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पडतो. मात्र नागपूर-छिंदवाडा भागातील या जीवाश्मांना खडकांच्या कालनिर्णयात जे महत्त्व आले, त्यामागे साहनींचे परिश्रम आहेत.

एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभे राहिलेले शास्त्र त्या व्यक्तीबरोबरच लयाला जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी १९४६ मध्ये लखनौ येथे पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था स्थापन झाली. साहनी दांपत्याने आपला जीवाश्मसंग्रह, ग्रंथ आणि मालमत्ता तिला अर्पण केली. विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागातच तिचे काम सुरू झाले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्या शिलेत निरनिराळ्या कालखंडांतील जीवाश्म बसविलेले होते. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, १० एप्रिल रोजी, साहनींचे निधन झाले.

संस्थेची धुरा त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी उचलली आणि ती इमारत पूर्णत्वास नेली. स्वतःच्या अनुपस्थितीतही चालू राहील असे कार्य उभारणे हा अध्यापनाचाच एक भाग मानला, तर साहनींच्या अध्यापनाची खरी कसोटी त्यांच्या मृत्यूनंतर लागली, आणि तीत ते उत्तीर्ण झाले असे म्हणावे लागते.