मिर्झांचा मलिद्याचा चोगा

रमजानच्या दिवसांत अशा पानांवर साधारणपणे वली, सूफी, परहेजगार माणसांच्या कथा येतात. आज ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते मिर्झा असदुल्लाह खान गालिब या यादीत बसत नाहीत. त्यांनी रोजे कधी मनावर घेतले नाहीत आणि ही गोष्ट कुणापासून लपवलीही नाही. एकदा रमजान संपल्यावर बादशहा बहादूरशाह जफर यांनी किती रोजे ठेवलेत असे विचारले, तेव्हा मिर्झांनी उत्तर असे बेतले की एकच चुकला असाही अर्थ निघावा आणि एकही ठेवला नाही असाही. दुसऱ्या एका रमजानात दिल्लीचे सद्रुस्सुदूर मुफ्ती सदरुद्दीन आझुर्दा भर दुपारी त्यांच्याकडे गेले. पाहतात तर मिर्झा आपल्या लहानशा अंधाऱ्या कोठडीत मित्राबरोबर चौसर खेळत बसलेले. रमजानात सैतान कैदेत असतो, असे हदीसमध्ये वाचले होते. आज त्याबद्दल शंका येऊ लागली, असे मुफ्तीसाहेब म्हणाले. मिर्झांनी शांतपणे सांगितले की हदीस अगदी खरी आहे, फक्त सैतानाला जिथे कोंडून ठेवतात ती हीच कोठडी.

हे किस्से आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक असतात. 1988 साली दूरदर्शनवर गुलजारांची मालिका आली आणि उर्दूचे अक्षरही न वाचता येणाऱ्या मराठी घरांत मिर्झा जाऊन बसले. पण किश्श्यांतला मिर्झा हसवतो आणि निघून जातो. त्यांचे शागीर्द मौलाना हाली यांनी ‘यादगार-ए-गालिब’ या चरित्रात आपल्या उस्तादाचे दोष झाकलेले नाहीत, आणि त्याच पुस्तकात त्यांनी आणखी काही नोंदवून ठेवले आहे. लिहायचे आहे ते त्याबद्दल.

जन्म आग्र्याचा, 27 डिसेंबर 1797. वडील लढाईत मारले गेले तेव्हा असदुल्लाह चार-पाच वर्षांचे होते. चुलत्यांनी सांभाळले, तेही 1806 मध्ये गेले. चुलत्यांच्या जहागिरीबदल्यात कुटुंबाला जी पेन्शन ठरली तिच्यातला मिर्झांचा वाटा वर्षाला साडेसातशे रुपये, म्हणजे महिन्याला 62 रुपये 8 आणे. तेराव्या वर्षी उमराव बेगम यांच्याशी निकाह झाला आणि लवकरच मुक्काम दिल्लीला हलला. आपला वाटा कमी पाडला गेला, ही खंत त्यांनी जन्मभर उराशी बाळगली. तिच्यापायी कलकत्त्यापर्यंत गेले, दीड-दोन वर्षे तिथे काढली, 1829 मध्ये परतले. निकाल विरुद्ध गेला. कर्ज मात्र चाळीस हजारांच्या घरात पोचले.

दोषांची यादी लहान नाही. रोजची दारू, तीही विलायती. जुगार. खानदानाचा आणि फारसीचा ताठा असा, की दिल्ली कॉलेजात फारसी शिकवण्याच्या नोकरीसाठी बोलावणे आले तर साहेब दाराशी घ्यायला आले नाहीत म्हणून पालखी परत फिरवली. (हा प्रसंग आम्ही मास्तर मंडळी कौतुकाने सांगतो. मला त्यात उमराव बेगमच्या स्वयंपाकघराची आठवण होते.) बेगम नमाज-रोज्याच्या पक्क्या. नवऱ्याच्या पिण्यामुळे त्यांनी आपली खाण्यापिण्याची भांडी वेगळी ठेवली होती. मिर्झा लग्नाला बेडी म्हणत विनोद करत राहिले. त्या विनोदांवर आपण आजही हसतो. बेगमना त्यातले किती हसू आले असेल, कोण जाणे. सात मुले झाली. एकही पंधरा महिन्यांच्या पलीकडे जगले नाही.

1847 साली घरी जुगाराचा अड्डा चालवल्याच्या आरोपावरून कोतवालाने त्यांना पकडले. सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीन महिने भोगावे लागले. ज्यांच्याबरोबर उठबस होती त्यांतल्या बहुतेकांनी, नातेवाइकांनीसुद्धा, ओळख दाखवेनाशी केली. पाठीशी उभे राहिले ते नवाब मुस्तफा खान शेफ्ता. शेफ्ता हज करून आलेले, दारू सोडलेले, दीनदार गृहस्थ. मुकदम्याचा खर्च त्यांनी उचलला, तुरुंगात भेटायला जात राहिले. मिर्झांच्या पिण्याचा मुद्दा काढून हात आखडता घेणे त्यांना सहज जमले असते.

ही गोष्ट मिर्झा विसरले नाहीत. 1857 नंतर शेफ्तांवर बंडवाल्यांशी संधान बांधल्याचा ठपका आला, सात वर्षांची सजा झाली आणि पुढे अपिलात सुटका झाली. ते मेरठला असल्याचे कळताच साठी ओलांडलेले, आजारांनी पोखरलेले मिर्झा डाकेच्या गाडीने मेरठला गेले. स्वतः संशयाखाली, पेन्शन बंद, खिशात दमडी नाही अशा दिवसांत त्यांनी हा प्रवास केला.

पण त्याआधीचे एक घरचे आहे. उमराव बेगमच्या बहिणीचा मुलगा जैनुल आबिदीन खान ‘आरिफ’ हा मिर्झांचा लाडका शागीर्द. 1852 मध्ये ऐन उमेदीत तो गेला. त्याची बायको त्याच्या थोडी आधीच गेली होती. मागे दोन पोरे राहिली, बाकिर अली आणि हुसेन अली. धाकट्याला मिर्झा आणि बेगम लगेच घरी घेऊन आले, पुढे थोरलाही आला. वय पंचावन्न, देणेकरी दाराशी, किल्ल्याकडून मिळणारा पगार महिना पन्नास रुपये, आणि घरात दोन लहान मुले. ती मुले अंथरुणावर धुळीचे पाय घेऊन नाचत, पाणी सांडत, कागद विस्कटत, आणि मिर्झा मित्रांना पत्रांतून त्याचे वर्णन लिहीत. या संगोपनाचे श्रेय मात्र मिर्झांइतकेच, कदाचित जास्तच, बेगमना जाते. चरित्रकार त्यांच्यापाशी फारसे थांबत नाहीत.

मग सत्तावन्न आले. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, तेव्हा शहरातले बहुतेक मुसलमान पळाले किंवा हाकलले गेले. बल्लीमारानची गल्ली वाचली, कारण तिथल्या हकीम घराण्याचे पतियाळाच्या महाराजांशी संबंध होते आणि महाराजांचे शिपाई पहाऱ्यावर होते. मिर्झांचा धाकटा भाऊ यूसुफ तीस वर्षांपासून वेडाच्या आजारात होता, वेगळ्या घरात राहत असे. त्या ऑक्टोबरात तो गेला. कफनाला कापड मिळेना, कबर खणणारा मिळेना. पतियाळाचा एक शिपाई आणि दोन नोकर यांनी घरातल्याच पांढऱ्या चादरींत गुंडाळून त्याला जवळच्या मशिदीच्या आवारात पुरले. मिर्झांना कुलूपबंद शहरात जगवले ते बऱ्याच अंशी हिंदू मित्रांनी. महेश दास, हिरा सिंग, शागीर्द हरगोपाल तफ्ता यांची नावे मिर्झांनी स्वतः कृतज्ञतेने नोंदवून ठेवली आहेत. (महेश दास यांनी पाठवलेली वस्तू दारू होती. ती नोंदही मिर्झांनी गाळली नाही.)

याच काळात त्यांनी ‘दस्तंबू’ हे फारसी पुस्तक लिहिले आणि त्यात नव्या राज्यकर्त्यांची स्तुती केली. ज्या बादशहाचे मीठ खाल्ले तो रंगूनच्या वाटेवर असताना हे लिहिणे काही शोभले नाही. पोटासाठी आणि मानेसाठी लिहिले, असे फार तर म्हणता येईल.

घरातले कपडे, अंथरुणे विकून दिवस निघत होते. त्या दिवसांतही जुने नोकरचाकर त्यांनी काढले नाहीत. कल्लू दारोगा, कल्याण, वफादार ही नावे पत्रांतून पुन्हा पुन्हा भेटतात. जुलै 1859 पासून रामपूरच्या नवाबांकडून महिना शंभर रुपये सुरू झाले, मे 1860 मध्ये पेन्शन तीन वर्षांच्या थकबाकीसह मोकळी झाली. थकबाकीचे 2250 रुपये बहुतेक देणेकऱ्यांच्याच हातात गेले. म्हणजे आता कमाई महिना दीडशेच्या थोडी वर, आणि हाली सांगतात की दाराशी आंधळे, लंगडे, लुळे कायम पडलेले असत. एकही रिकाम्या हाताने जात नसे. लाट साहेबांच्या दरबारातून एकदा सात पारचांची खिलअत आणि तीन जवाहिर मिळाले. रिवाजाप्रमाणे चपराशी आणि जमादार बक्षिसासाठी घरी आले. घरात पैसा नव्हता. मिर्झांनी त्यांना वेगळ्या खोलीत बसवले, खिलअत गुपचूप बाजारात विकायला पाठवली, पैसे आल्यावर बक्षीस देऊन सन्मानाने निरोप दिला.

हे मोठेपण की उधळेपणा? दोन्ही आहे, असे मला वाटते. वाणी, सावकार, दारूवाला यांचे पैसे थकवून दिलेल्या दानात त्यांचाही वाटा असतो, तोही नकळत घेतलेला. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत आणि त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. त्या हिशोबाने मिर्झा देणाऱ्यांच्या रांगेत नव्हतेच, घेणाऱ्यांच्या रांगेत होते. पण आयुष्यभर त्याच रांगेत उभे राहिल्यामुळे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती, जी आपल्यातल्या पुष्कळ जकात देणाऱ्यांना ठाऊक नसते. घेताना माणसाला काय वाटते, ती ही गोष्ट.

सत्तावन्नानंतरच्या एका हिवाळ्यात दिल्लीच्या उमरावांपैकी एक जुने मित्र भेटायला आले. कधीकाळी मलिद्याचे, जामेवारीचे चोगे घालणारे हे गृहस्थ आज साध्या चिटाचा लबादा घालून आले होते. मिर्झांचे मन भरून आले. त्यांनी विचारपूस केली ती परिस्थितीची नव्हे, कापडाची. हे चीट कुठून घेतले, याची नक्षी मला फार आवडली, मलाही असेच मागवून द्या, असा आग्रह धरला. मित्राला खरेच वाटले. लबादा आजच शिवून आला आहे, पसंत असेल तर हाच घ्या, असे तो म्हणाला. मिर्झा म्हणाले की आत्ताच हिसकावून अंगावर चढवावा असे वाटते, पण थंडी कडाक्याची आहे, तुम्ही घरापर्यंत काय घालून जाणार? मग इकडेतिकडे पाहिल्यासारखे केले, खुंटीवरचा आपला नवा मलिद्याचा चोगा काढला आणि मित्राच्या अंगावर चढवला.

या प्रसंगात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे खोलीतल्या कुणालाच उघड दिसू नये अशी व्यवस्था आहे. आपल्याकडे आता शिधावाटपाचे फोटो निघतात, पिशवी धरलेल्या बाईचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला जातो. रमजानातही निघतात. त्यामुळे हा चोगा मला दरवर्षी आठवतो.

पैशाखेरीज देण्यासारखे मिर्झांकडे आणखी काही होते. देशभरातून गजला दुरुस्तीसाठी टपालाने येत. शंभराहून अधिक शागीर्द, त्यांत मुसलमान, कायस्थ, बनिये सगळे. सिकंदराबादच्या हरगोपाल तफ्तांना त्यांनी प्रेमाने ‘मिर्झा’ ही पदवी दिली. सर्वांत जास्त पत्रे त्यांनाच आहेत. एकेका ओळीवर शब्द बदलून, कारण लिहून, कागद परत जाई. याची फी नव्हती. कुणी बिचाऱ्याने उत्तरासाठी तिकिटे आत घालून पाठवली तर मिर्झा रागावत. हेच मिर्झा फारसी कोशाच्या वादात विरोधकांवर तुटून पडत, शब्दांचे भान सोडत, प्रकरण कचेरीपर्यंत नेत. पण आडगावच्या नवशिक्याचा भोंगळ शेर ते तासन्‌तास नीट करीत बसत. अखेरच्या वर्षांत हात थरथरू लागले, ऐकू येईनासे झाले, दुरुस्तीसाठी काही पाठवू नका असे त्यांनी वर्तमानपत्रांतून छापवले. तरी कागद येत राहिले, आणि होईल तेवढे ते पाहत राहिले.

रामपूरच्या नवाबांना शेवटच्या काळात त्यांनी वारंवार लिहिले. मागणे दोन गोष्टींचे होते. एक, मरण्याआधी कर्ज फिटावे. दुसरे, आरिफच्या धाकट्या पोराचे, हुसेन अलीचे, लग्न व्हावे. जाण्याच्या आदल्या दिवशी हाली भेटायला गेले तेव्हा मिर्झा बऱ्याच वेळाने शुद्धीवर आले होते आणि लोहारूहून आलेल्या एका पत्राचे उत्तर सांगून लिहवून घेत होते. 15 फेब्रुवारी 1869 रोजी दुपारी ते गेले. निजामुद्दीनला, सासरच्या मंडळींच्या कबरींजवळ त्यांना पुरले. कर्ज मागे राहिलेच. ते उमराव बेगमच्या वाट्याला आले आणि रामपूरला अर्ज लिहिण्याचे कामही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याही गेल्या.