शेजार शोधणारा वकील : पॉल हॅरिस

बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, आपल्या शहरात दातेरी चक्राचे चिन्ह असलेली पाटी आपण पुष्कळांनी पाहिली असेल. कधी ती बसथांब्यावर असते, कधी एखाद्या दवाखान्यावर, कधी शाळेच्या पाणपोईवर. ती पाटी रोटरी क्लबची. हे चक्र ज्यांनी प्रथम फिरविले त्या पॉल हॅरिस यांची ओळख या अंकी आम्ही वाचकांना करून देत आहोत. ते उपदेशक नव्हते आणि मोठे धनिकही नव्हते. एका अफाट शहरात एकाकी पडलेले ते एक साधे वकील होते.

पॉल यांचा जन्म १९ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातल्या रसीन या गावी झाला. वडिलांचा धंदा बुडाला आणि संसार विस्कटला. तीन वर्षांच्या पॉलला व त्याच्या थोरल्या भावाला १८७१ साली व्हरमाँट प्रांतातील वॉलिंगफर्ड या लहानशा गावी आजीआजोबांच्या हवाली करण्यात आले. आईबापांच्या मायेला पारखे झालेले हे लेकरू आजीआजोबांच्या छायेत वाढले. घरात शिस्त होती, काटकसर होती, आणि अपार मायाही होती. गावात सगळे एकमेकांना नावाने ओळखत, एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जात. ते गाव पॉलच्या मनातून जन्मभर गेले नाही.

मुलगा मात्र खोडकर निघाला. व्हरमाँटच्या विद्यापीठातून त्याला काढून टाकण्यात आले. पुढे प्रिन्स्टन येथे थोडे शिक्षण झाले; आजोबा वारल्यावर तेही सुटले. अखेर १८९१ साली आयोवा विद्यापीठातून पॉल यांनी कायद्याची पदवी घेतली. पण वकिली सुरू करण्याआधी पाच वर्षे जग पाहण्याचे त्यांनी ठरविले. या पाच वर्षांत ते बातमीदार झाले, शिक्षक झाले, नाटकात उभे राहिले, हॉटेलात कारकुनी केली, गुरे राखली, संगमरवर विकत गावोगाव हिंडले. गुरे नेणाऱ्या बोटीवर मजुरी करून ते इंग्लंडलाही जाऊन आले. कष्टकऱ्यांचे जिणे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८९६ साली ते शिकागोस स्थायिक झाले. वकिली बरी चालू लागली, ओळखी पुष्कळ झाल्या, पण मित्र म्हणावा असा कोणी नव्हता. कामाचा दिवस कसाबसा जाई. रविवार व सणाचे दिवस खायला उठत. परगावी नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी हा अनुभव घेतलाच असेल. १९०० साली एका वकील मित्राने त्यांना घरी जेवायला बोलाविले व जेवणानंतर फिरायला नेले. वाटेत प्रत्येक दुकानदार त्या मित्राला नावाने हाक मारीत होता. हॅरिस यांना आपले वॉलिंगफर्ड आठवले. खेड्यातला हा शेजार शहरात का निर्माण करता येऊ नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला.

तो विचार पाच वर्षे मुरला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी संध्याकाळी शिकागोतील युनिटी बिल्डिंगच्या एका खोलीत चार माणसे एकत्र जमली : वकील हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाणींचे अभियंते गस्टेव्हस लोअर आणि शिंपीकाम करणारे हायरम शोरी. पहिला रोटरी क्लब तो हाच. आज एकाच्या कचेरीत, उद्या दुसऱ्याच्या, अशा आळीपाळीने सभा भरत. फिरत राहणारा म्हणून रोटरी हे नाव पडले. प्रत्येक धंद्यातला एकच सभासद घ्यायचा व एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची, अशी रीत पडली.

येथवर सारे चांगले होते. पण आम्ही वाचकांचे लक्ष पुढच्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. मित्रांचे हे मंडळ हळूहळू आपल्यापुरतेच पाहू लागले. सभासदाने सभासदाकडूनच माल घ्यावा, काम द्यावे, असा पायंडा पडला. कोणी कोणाला किती धंदा मिळवून दिला याची नोंद ठेवायला एक माणूस नेमला होता! १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या एका वकिलास सभासद होण्याचे आमंत्रण गेले. त्यांनी नियम वाचून पाहिले आणि नकार दिला. सभासदांचेच भले पाहणाऱ्या आणि बाहेरच्या कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या मंडळाला भवितव्य नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. राग धरण्याऐवजी मंडळाने ही टीका मानली, शहराच्या हिताचा हेतू नियमांत घातला आणि कार्टर यांना आत घेतले.

१९०७ साली हॅरिस मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी हातात घेतलेले काम ऐकून काहींना हसू येईल. शिकागोच्या भर वस्तीत सार्वजनिक शौचालय बांधावे यासाठी त्यांनी खटपट सुरू केली. त्या काळी ही सोय मुख्यतः दारूच्या गुत्त्यांत किंवा मोठ्या दुकानांत असे. गुत्त्यात शिरलेला गरीब माणूस संकोचाने एखादा पेला घेई, आणि दुकानात गेलेल्या बाईला काहीतरी विकत घ्यावेसे वाटे. बिअर बनविणाऱ्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी या योजनेला कसून विरोध केला. तरी इतर संस्थांना बरोबर घेऊन रोटरीने नेट धरला आणि १९०९ साली नगरगृहाजवळ ते शौचालय उघडले. जगभर पसरलेल्या या संस्थेचे पहिले मोठे लोकसेवेचे काम ते हेच.

घरातही विरोध होताच. पुष्कळ सभासदांना फक्त जेवण आणि गप्पा हव्या होत्या. सेवा आणि विस्तार यांची कटकट नको होती. मतभेद विकोपाला गेले तेव्हा १९०८ साली हॅरिस यांनी शिकागोचे अध्यक्षपद सोडले, पण काम सोडले नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोस दुसरा क्लब निघाला. १९१० साली सर्व क्लबांचा संघ झाला व हॅरिस त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आपल्या देशात कलकत्त्यास १९१९ साली व मुंबईस १९२९ साली रोटरीने पाय ठेवला.

१९१० सालीच स्कॉटलंडहून आलेल्या जीन थॉमसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रानावनात फिरायला गेलेल्या मंडळींत हॅरिस यांचा कोट फाटला आणि तो शिवून देण्यास जीन पुढे झाल्या, अशी त्यांच्या ओळखीची कथा आहे. त्यांना मूलबाळ झाले नाही. पुढे दोघांनी मिळून पुष्कळ देशांचा प्रवास केला. जेथे जात तेथे हॅरिस मैत्रीचे झाड लावीत. १९३२ साली त्यांनी बर्लिनमध्ये असेच एक झाड लावले. पाचच वर्षांत नाझी राजवटीत जर्मनीतील रोटरी क्लब बंद पडले. तरी हॅरिस यांनी झाडे लावणे थांबविले नाही.

२७ जानेवारी १९४७ रोजी शिकागो येथे त्यांचे देहावसान झाले. आपल्या मृत्यूनंतर फुले वाहू नयेत, तो पैसा संस्थेच्या निधीस द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्या देणग्यांतून लागलीच परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. सिल्व्हेस्टर शील यांच्या कबरेजवळच त्यांना मूठमाती देण्यात आली. पहिल्या संध्याकाळचा तो कोळशाचा व्यापारी शेवटपर्यंत शेजारी राहिला.

या संस्थेत उणिवा होत्या हे आम्ही लपवीत नाही. स्त्रियांना तिची दारे १९८९ साली उघडली. तोपर्यंत हॅरिस यांना जाऊन ४२ वर्षे झाली होती. पण १९८५ साली तिने पोलिओ हटविण्याचे काम जगभर हाती घेतले. रविवारी बाळाला कडेवर घेऊन थेंब पाजायला रांगेत उभ्या राहिलेल्या आया आपल्याला आठवतात. सरकार, आरोग्यसेविका आणि अनेक संस्था यांच्या बरोबरीने रोटरीचे स्वयंसेवकही तेथे राबत होते. जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा रोगी आढळला नाही, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना सांगताना कार्टर यांचा नकार विसरू नये, अशी आमची विनंती आहे. आपले तरुण संघ, आपली महिला मंडळे प्रेमाने एकत्र येतात, चहा होतो, गाणी होतात, आणि ते व्हायलाच हवे. पण दाराबाहेरून एखादा विचारील, की तुमच्या या मंडळाचा शेजारच्या गल्लीला काय उपयोग? तेव्हा त्याच्यावर रागावू नये. त्याला आत बोलवावे, बसायला द्यावे, आणि कोणते काम अडले आहे ते त्यालाच विचारावे. ते काम शौचालयाचे असले तरी लाजू नये.