सरदार पेरूमागचे चीमासाहेब

नर्सरीत पेरूचं कलम मागितलं की माळी हमखास 'सरदार' पुढे करतो. कुणी त्याला एल-४९ म्हणतं, कुणी लखनौ-४९. डाळिंबातला 'गणेश'ही आपल्या चांगल्या ओळखीचा. पण या दोन्ही फळांमागे एकच माणूस आहे, हे किती जणींना ठाऊक असेल?

त्यांचं नाव डॉ. जी. एस. चीमा. आडनाव पंजाबी, कर्मभूमी मात्र पुणे. इंग्रजी अमलात ते मुंबई सरकारचे उद्यानतज्ज्ञ होते आणि गणेशखिंडीतल्या सरकारी फळबागेत त्यांचे प्रयोग चालत. आज तिथून जवळच पुणे विद्यापीठ आहे. तेव्हा त्या इमारतीत गव्हर्नरसाहेब उतरायचे!

गोड आंब्याची कोय लावली तरी तसाच आंबा येईल याची खात्री नसते, हे आपण घरीही बघतो. बियांपासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं. बागायतदाराला ही कटकटच वाटते, पण चीमांनी हाच वेगळेपणा कामाला लावला. बियांपासून पुष्कळ रोपं वाढवायची, ती फळाला येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं, मग फळं पारखून सरस झाड निवडायचं आणि त्याचीच कलमं करायची. केवढा धीर हवा याला!

लखनौच्या पेरूंमधून १९२७ साली त्यांनी असंच एक झाड निवडलं, तोच आपला सरदार. मोठं फळ, पांढरा गर, मऊ बी. पुढे १९३६ मध्ये आळंदी जातीच्या डाळिंबातून दुसरं निवडलं. आळंदीचा दाणा रंगाला छान, पण बी कडक. नव्या झाडाचं बी मऊ, अगदी म्हाताऱ्या माणसांनीही खावं असं. त्याला 'गणेश' हे नाव मिळालं १९७० मध्ये. तोवर ते नुसतं जीबीजी-१ होतं.

फळ पिकवलं की काम संपलं, असं ते मानत नसावेत. १९३२ आणि १९३३ साली आंबा युरोपला पाठवून बघितला गेला, त्याचा अहवाल त्यांनी दाणी यांच्यासोबत लिहिला. आंबा थंडाव्यात किती टिकतो, हेही तपासलं. संत्र्या-मोसंबीची झाडं शेंड्याकडून वाळत येतात, त्या रोगाचा जमिनीशी काय संबंध, हे त्यांनी आणि भट यांनी मांडलं. १९५४ मध्ये भट आणि नाईक यांच्यासह त्यांनी भारतातल्या व्यापारी फळांवर जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला. फळबागेचं शिक्षण घेणाऱ्यांच्या हाती त्यामुळे आपल्याच मातीतल्या फळांची माहिती आली.

आज बाजारात लालबुंद 'भगवा' डाळिंबाचा बोलबाला आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात तो तयार झाला गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून. म्हणजे चीमांचं झाड त्यातही आहेच.

त्यांचं नाव लागलं ते मात्र एका द्राक्षाला, 'चीमा साहेबी'. पंढरी साहेबीच्या रोपांतून त्यांनीच ते निवडलं होतं. पुढे बिनबियांचं थॉमसन आलं आणि बागांमधून चीमा साहेबी मागे पडलं.