क्रिकेटवीर पालवणकर बाळू

विद्यार्थिमित्रहो, थोरांची चरित्रे वाचावयास बसलो म्हणजे राजे, सेनापती, कवी व शास्त्रज्ञ यांचीच नावे प्रथम आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. मैदानावर रूळ ओढणाऱ्या एखाद्या नोकराचे चरित्रही मनन करण्यासारखे असू शकेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आपल्या देशात क्रिकेटच्या खेळास जो पहिला खरा थोर गोलंदाज लाभला, त्याच्या आयुष्याचा आरंभ अशाच नोकरीने झाला. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळू यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्यावरूनच पालवणकर हे आडनाव पडले. जातीने ते चांभार, आणि त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य गणले गेलेले. वडील पलटणीच्या चाकरीत असल्यामुळे 1876 च्या सुमारास बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला, व बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व जुने चेंडू हेच बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचे क्रीडासाहित्य. गुरू नाही, पुस्तक नाही. डोळ्यांनी पाहावे आणि हातांनी करून पाहावे, एवढीच त्यांची शाळा.

घरची स्थिती बेताची असल्याने बाळूंना लवकरच पोटामागे लागावे लागले. प्रथम पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात झाडलोट करण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे काम दरमहा 3 रुपयांवर मिळाले. पुढे 1892 च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात दरमहा 4 रुपयांवर लागले. तेथे पट्टी तयार करणे, जाळी उभारणे, रेषा आखणे ही कामे त्यांजकडे होती. फावल्या वेळी साहेब लोकांच्या सरावासाठी जाळीत चेंडू टाकण्यासही त्यांना बोलाविण्यात येऊ लागले, आणि तेथेच त्यांच्या भाग्याचे दार किंचित उघडले.

बाळू डाव्या हाताने हळू गोलंदाजी करीत. हळू म्हटल्यावर ती सोपी असेल असे कोणी समजू नये. चेंडू हवेत तरंगत येई, फलंदाज पाय पुढे टाकी, आणि टप्पा पडताच चेंडू अशी काही दिशा बदली की फळी एकीकडे व चेंडू दुसरीकडे! वऱ्हाडच्या काळ्या मातीत खेळलेल्या मुलास हे निराळे सांगावयास नको की, पावसानंतर अर्धवट सुकलेल्या जमिनीवर पडलेला चेंडू कसा अकस्मात वळतो. अशा पट्टीवर बाळूंपुढे उभे राहणे म्हणजे मोठमोठ्या फलंदाजांचीही कसोटी असे.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज लष्करी अधिकारी होते. इतर मंडळी येण्यापूर्वीच मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी त्यांना बाद केले की प्रत्येक वेळी ते 8 आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली, तर आठ वेळा बाद केल्याने एक महिन्याचा पगार हाती पडे! परंतु एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेकडो तास चेंडू टाकूनही बाळूंना त्या जाळीत फळी हाती धरण्याची संधी कधी मिळाली नाही. फलंदाजी हे मानकऱ्यांचे काम, व गोलंदाजी हे नोकराचे, असा तेथील शिरस्ता होता.

असा भेद केवळ आपल्याच देशात होता असे नाही. इंग्लंडात हौशी खेळाडू व वेतन घेणारे धंदेवाईक खेळाडू असे दोन वर्ग असत. कित्येक मैदानांवर एकाच संघातील हे दोन वर्ग निरनिराळ्या दारांनी बाहेर पडत. हा भेद तेथे 1962 साली रद्द झाला. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो चेंडूफळीचा खेळ आहे, त्यात मात्र 1869 सालीच सिनसिनाटी शहराच्या संघाने आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे वेतन देऊन ठेविले होते. तेथील चेंडू फेकणारा खेळाडू आपल्या कसबाचे मोल ताठ मानेने मागू शकत होता. आमच्या बाळूंच्या बाबतीत मात्र वेतनाच्या उणेपणावर जातीच्या उणेपणाचा डाग चढविलेला होता, आणि तो घासून निघण्यासारखा नव्हता.

पुण्यातील हिंदू क्लबास युरोपियनांवर विजय मिळवावयाचा होता. बाळूंसारखा गोलंदाज शहरात असता त्याला बाहेर कसे ठेवावे, असे काही सभासदांस वाटे. तर अस्पृश्यास संघात कसे घ्यावे, असे इतरांस वाटे. बराच खल होऊन अखेर त्यांना घेण्यात आले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्याला विटाळ नसे. पण खेळ थांबून चहाची वेळ झाली म्हणजे इतर गडी आत बसून कपबशीतून चहा घेत, आणि ज्यांच्या जोरावर सामना जिंकावयाचा त्या बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात, निराळा चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. वाचकहो, क्षणभर ते चित्र डोळ्यांपुढे आणा. बळी घेणारा हात चालतो. परंतु त्याच हाताने उचललेला पेला चालत नाही!

बाळूंनी या अपमानाचे उत्तर चेंडूने दिले. पुण्याचा हिंदू संघ एकामागून एक विजय मिळवू लागला. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याने बाळूंच्या चेंडूस वळण मिळू नये म्हणून खेळपट्टी कित्येक दिवस रूळ फिरवून टणक करून ठेविली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी तेथे सात गडी बाद केले. पुण्यात झालेल्या एका समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना पुष्पहार घालून त्यांचा गौरव केला. ज्या समाजाने चहा बाहेर दिला, त्याच समाजातील एका श्रेष्ठ पुरुषाने हा हार घातला, हेही विसरता कामा नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने कहर मांडला, तेव्हा बाळू मुंबईस गेले. तेथे पुढे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी लागली, व रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास आरंभी विरोध झाला; तथापि गुणांपुढे तो टिकला नाही. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या. युरोपियन संघ 191 व 102 धावांत गारद झाला. 109 धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, व बंधू शिवराम हेही संघात होते. स्वदेशीची चळवळ ऐन भरात असताना मिळालेल्या या जयाने देशभर आनंद झाला. याहूनही मोठी गोष्ट अशी की, मुंबईत हे बंधू आता इतर गड्यांबरोबर एकाच पंक्तीस जेवू लागले होते. सुधारकांच्या पत्रांनी धावसंख्येपेक्षा या पंक्तीचे कौतुक अधिक केले, ते योग्यच होते.

1911 साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला निवडक संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनकच झाली. प्रथम दर्जाच्या 14 सामन्यांपैकी 10 त्याने गमावले. परंतु बाळूंचे यश त्या अंधारातही लखलखून उठले. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी 114 गडी बाद केले, व प्रत्येक गड्यामागे सरासरी 19 हूनही कमी धावा दिल्या. खांद्याचे दुखणे सोसून केलेली ही कामगिरी होती. लेस्टरशायर परगण्याच्या संघावर मिळविलेल्या विजयात एकट्या बाळूंचे 11 बळी होते. परत आल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. त्या वेळी महाविद्यालयात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर यांनाही बाळूंविषयी अत्यंत अभिमान वाटत असे.

गणपत व विठ्ठल हे आणखी दोन बंधूही पुढे नामांकित खेळाडू झाले. एकाच घरातील चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळत, हा योग विरळाच. 1912 पासून मुंबईच्या सामन्यांत हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन असे चार संघ भाग घेऊ लागले. बाळू हे हिंदू संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू. परंतु कर्णधारपद मात्र वर्षामागून वर्षे उच्चवर्णीय खेळाडूंकडेच जाई. 1913 साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारप्रसंगी हा मान वास्तविक बाळूंना मिळावयास हवा होता, असे मोकळ्या मनाने कबूल केले. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी आपली नावे मागे घेऊन या अन्यायाचा उघड निषेध केला. लोकमत बंधूंच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्यास ते परत आले, व बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात कर्णधार पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्या वेळापुरते नेतृत्व बाळूंच्या हाती आले. इतक्या वर्षांच्या सेवेचे एवढेच फळ! परंतु वडील बंधूंनी पेरलेले धाकट्याच्या ओंजळीत पडले. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना जिंकून स्पर्धा मारली. विठ्ठलरावांनी या सर्व आठवणी 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकात लिहून ठेविल्या आहेत.

बाळूंनी प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत 179 गडी बाद केले; प्रत्येकामागे धावा पडल्या सुमारे 15. आपल्या देशाचा पहिला अधिकृत कसोटी सामना 1932 साली लॉर्ड्सवर, नागपूरचे सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली झाला, तेव्हा बाळूंचे वय छप्पन्नच्या घरात होते.

त्याच 1932 साली पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. राजकारणात त्यांचे व डॉ. आंबेडकरांचे मार्ग मात्र भिन्न झाले. 1937 साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 व बाळूंना 11,225 मते पडली. ज्यांच्या पराक्रमाने एका तरुणाची मान उंचावली, त्यांनाच त्या तरुणाकडून पराभव पत्करावा लागला. तथापि दलितांची मान ताठ व्हावी, ही दोघांचीही इच्छा एकच होती. भेद होता तो मार्गाचा.

आपल्या अमरावतीतील वडीलधाऱ्यांस 1927 सालचा अंबादेवी मंदिर-प्रवेशाचा लढा ऐकून माहीत असेल. डॉ. पंजाबराव देशमुख प्रभृतींनी त्यात पुढाकार घेतला होता, व डॉ. आंबेडकर त्यासंबंधीच्या परिषदेस अध्यक्ष म्हणून येथे आले होते. मंदिराचे दार आणि जिमखान्याचे दार ही दोन दारे दिसावयास निराळी. पण त्यांस लावलेले कुलूप एकच होते. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ते पाहण्यास बाळू हयात होते. 4 जुलै 1955 रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

मित्रहो, या चरित्रापासून सतत अभ्यास व चिकाटी यांचा धडा तर घ्यावाच. परंतु तेवढ्यावर थांबू नये. बाळूंजवळ चिकाटी होती, तरीही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. दोष त्यांच्या प्रयत्नांत नव्हता, तो निवडणाऱ्यांच्या दृष्टीत होता. म्हणून संघ निवडण्याची पाळी आपणांवर येईल, तेव्हा आपण कोणाला वगळतो व का वगळतो, हे स्वतःस विचारावे. आणि सामना जिंकून चहास बसताना, आपल्यापैकी कोणी बाहेर उभा तर नाही ना, हेही एकदा वळून पाहावे.